दारू सुटली, पण मन उभं राहत नाही

प्रश्न : सलाम आपा. मी वडाळा गावात राहतो, वय 29, अंबडला एका कंपनीत सीएनसी ऑपरेटर आहे. अब्बू गेले त्या वर्षी दारू सुरू झाली, आधी रविवारी मित्रांसोबत मग रोज, शिफ्ट सुटली की पाथर्डी फाट्यावर क्वार्टर घेऊनच घरी, आणि शेवटी शेवटी कोणीतरी ती नशेची कुत्ता गोळी पण हातात दिली. अम्मीने सिव्हिलला नेलं, अ‍ॅडमिट होतो, रमजानच्या आधीपासून दोन्ही बंद आहे अल्हम्दुलिल्लाह. पण आता काहीच उरलं नाही असं वाटतं, कामावरून येतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो, जगून काय करायचं असं पण मनात येतं. डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिलीये. मामू म्हणतात ईमान पक्कं असेल तर डिप्रेशन होतंच नाही, फेकून दे गोळ्या. मशिदीत एकाने ऐकवलं की दारू पिणाऱ्याची 40 दिवस नमाज कबूल होत नाही, तेव्हापासून तिकडे जायचीच लाज वाटते. काय करू?
एक भाऊ, वडाळा गाव

उत्तर : वालेकुम सलाम भाई. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. बाकी सगळं नंतर, आधी ते "जगून काय करायचं". हे आजच अम्मीला सांगा आणि पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांगा, आणि रात्री-बेरात्री फारच आलं मनात तर 14416 लावा, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, कितीही वाजले तरी चालतं. घरात जुन्या गोळ्या पडल्या असतील तर त्या अम्मीच्या ताब्यात द्या.

आता मामूंचं. मामू तुमच्या भल्यासाठीच बोलतात पण हे चुकीचं बोलतात. याकूब अलैहिस्सलाम पैगंबर होते, युसूफच्या दुःखात रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले असं कुरआनातच आहे, त्यांचं ईमान काय कच्चं होतं? बीबी खदीजा आणि अबू तालिब एकाच वर्षी गेले त्या वर्षाला आपण दुःखाचं वर्ष म्हणतो, आणि ते वर्ष आपल्या नबींचं आहे. इलाज करा, अल्लाहने असा आजार उतरवला नाही ज्याची दवा उतरवली नाही, ही हदीस तर मामूंनी पण ऐकलेली असणार. डिप्रेशनच्या गोळ्या आणि ती कुत्ता गोळी यात बरेच लोक गोंधळ करतात. ती अल्प्राझोलाम, तिची चटक लागते, डोस वाढत जातो. डिप्रेशनची रोजची गोळी सहसा तशी नसते, ती नशा देत नाही, आणि म्हणूनच पहिल्या आठवड्यात "काही फरकच नाही" असं वाटतं, तिला साधारण 2 ते 6 आठवडे लागतात. मधेच स्वतःच्या मनाने बंद करू नका, चक्कर, बेचैनी होते आणि मन परत खाली जातं. दारू सोडल्यावर काही आठवडे, कधी काही महिने पण कशातच मजा न वाटणं हे बऱ्याच जणांना होतं, मेंदूला रोज बाहेरून जे मिळत होतं ते बंद झालेलं असतं, स्वतःचं परत सुरू व्हायला वेळ लागतो. आणि तुमच्या बाबतीत अब्बूंचं दुःख पण आहे, ते तुम्ही दारूत बुडवलं होतं, रडलातच नाही, आता ते वर आलंय असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. डॉक्टरांशी ते पण बोला.

40 दिवसांचं ज्याने ऐकवलं त्याने अर्धीच हदीस सांगितली. त्याच हदीसमध्ये पुढे आहे की त्याने तौबा केली तर अल्लाह त्याची तौबा कबूल करतो. आणि उलमा, म्हणजे दीनचे जाणकार, सांगतात की त्या दिवसांत सुद्धा नमाज माफ होत नाही, पढायचीच असते. तुम्ही तर सोडून बसलात आणि तौबा करून बसलात, मग लाज कसली? बुखारीत एक किस्सा आहे तो मी आमच्या व्यसनमुक्ती सेंटरला येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते. नबींच्या जमान्यात एक माणूस होता, नबींना हसवायचा, आणि दारूसाठी त्याला पुन्हा पुन्हा पकडून आणायचे. एकदा कोणीतरी म्हणालं, अल्लाहची लानत असो याच्यावर, किती वेळा आणायचं याला! नबींनी अडवलं, म्हणाले त्याला लानत देऊ नका, त्याचं अल्लाहवर आणि रसूलवर प्रेम आहे. पुन्हा पुन्हा पकडला गेलेल्या माणसाबद्दल हे म्हटलंय भाई, तुमच्याकडे बघून नाक मुरडणाऱ्याने आधी हे वाचावं.

दारूची मनाई पण एकदम उतरली नाही. आधी सूरह बकरात सांगितलं की फायद्यापेक्षा गुनाह मोठा, मग निसात की नशेत असाल तेव्हा नमाजजवळ येऊ नका, मग माइदात पूर्ण बंदी. मधल्या आयतीत मला फार मोठी समज दिसते, पाच वक्त पढणाऱ्याला प्यायला वेळच किती उरतो? नमाजेने दिवसाचे तुकडे पाडले आणि नशेची जागा कमी होत गेली. आज कोणी याचा अर्थ थोडी थोडी चालते असा काढू नये, पण तुम्हाला आत्ता तेच पाहिजे, दिवसाला खुंट्या. हात अजून थरथरत असतील, वजू करताना ओंजळीतलं पाणी तोंडापर्यंत यायच्या आत निम्मं सांडत असेल, सांडू द्या, तसंच उठा. सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा येणाऱ्याला फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजेला, मशिदीतली जमात गाठणं जड जातं, तर फजर घरी पढा आणि दुपारच्या जोहरला मशिदीत जा, दिवसातून एकदा तरी माणसांच्या रांगेत उभे राहा. डिप्रेशनमध्ये मन झाल्यावर उठू म्हणाल तर उठणं होत नाही, आधी उठायचं, मन मागून येतं.

आणि असं काहीतरी काम धरा जिथे कोणीतरी तुमची वाट बघेल. तुम्हाला सीएनसी येतं, मोहल्ल्यात आयटीआयला जाणारी पोरं असतील, रविवारी दोघांना ड्रॉइंग वाचायला शिकवा, मायक्रोमीटर धरायला शिकवा. रविवारच रिकामा असायचा ना, तिथूनच सुरू झालं होतं. पगाराच्या दिवशी पैसे अम्मीच्या हातात, आणि फाट्यावर न उतरता दुसऱ्या रस्त्याने घरी या, दहा मिनिटं जास्त लागली तरी. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट, त्यांच्या मीटिंगला पण जाऊन बघा, तिथे कोणी धर्म विचारत नाही. मामूंना घेऊन डॉक्टरांकडे जा एकदा, त्यांच्या शंका त्यांनाच विचारू द्या.

प्रश्न : आपा, भाईजान रोज पितात. कोणीतरी दारू सोडवायची गोळी आणून दिलीये, न सांगता चहात घाला म्हणतात. भाभी म्हणते रमजान लागला की खोलीत कोंडू, रोजे ठेवले की सुटेल.
एक बहीण, जुने नाशिक

उत्तर : दोन्ही नका करू, हात जोडून सांगते. ती गोळी बहुतेक डायसल्फिराम असणार, पोटात ती असताना माणूस प्यायला तर उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, जीव पण जाऊ शकतो. ती पिणाऱ्याला सांगून, त्याच्या मर्जीने, डॉक्टरच देतात. कोंडणं तर त्याहून धोक्याचं. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद झाली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, नसलेलं दिसायला लागतं, आणि वरून रोजाचा उपाशी-तहानलेला. आजाऱ्याला रोजा नंतर ठेवायची सूट कुरआननेच दिलीये. रमजानमध्ये सोडायचीच इच्छा असेल तर आधीच्या महिन्यात, शाबानमध्येच दवाखान्यात न्या, बी1 व्हिटॅमिनचं इंजेक्शन, झटके थांबवायचं औषध हे सगळं तिथे देखरेखीत होतं. कुठे न्यायचं ते 14446 या सरकारी नशामुक्ती हेल्पलाइनवर विचारा. भाईजानशी सकाळी बोला, उतरलेली असताना, आणि जाताना कागदावर लिहून न्या की दिवसाला किती पितात, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का आणि शुगर-बीपीची कोणती औषधं चालू आहेत.