जाम झालेली पक्कड

प्रश्न : शेतातल्या आखाड्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांची पक्कड अन् स्क्रूपाना सापडला, दोन्ही गंजून जाम झालेत. हातोडीनं ठोकून बघू का? – एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : ठोकू नका बरं का! कडक स्टील असतंय, टवका उडून डोळ्यात गेला तर भलतंच व्हायचं. तारेच्या ब्रशनं वरचा गंज झाडा, मग सांध्यात डिझेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी दोन्ही मुठी धरून केसभर केसभर हलवायचं, तांबडं पाणी निघायला लागलं की समजा सुटतीय, पुसायचं अन् परत डिझेल. दोन-तीन दिवस लागतील, घाई करू नका. चुलीत घालून लाल तर अजिबात करू नका, लोहारानं दिलेलं पाणी, म्हंजे स्टीलचा कडकपणा, उतरतंय अन् पक्कड मऊ पडती.

स्क्रूपान्याची चक्री निघाली तर व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवून लगेच कोरडी करा, नाहीतर बघता बघता परत तांबूस. जस्ताचा मुलामा असंल तर व्हिनेगर नको, मुलामाच खातंय. शेवटी इंजिन ऑइलचे दोन थेंब. गोडं तेल नको, चिकट होऊन परत जाम!