परदेशातल्या ग्रुपचा आमच्या मामांना काय उपयोग?

प्रश्न : ताई, आम्ही तासगावजवळ राहतो, द्राक्षबाग आहे. सासऱ्यांना (आम्ही मामा म्हणतो) पार्किन्सन, म्हणजे कंपवात निघालाय, मिरजेच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. हात थरथरतो म्हणून पारावर जायचं बंद केलंय, लग्नकार्यालाही नको म्हणतात, सही करायची वेळ आली की मुलाला पुढं करतात. दीर इंग्लंडमध्ये असतात, ते सांगतात तिकडं पेशंटचे ग्रुप असतात, खास नर्स असतात, जागतिक परिषदा होतात. ऐकून वाटतं हे सगळं तिकडच्यांचं, आम्हाला काय त्याचं?
– एक सूनबाई, तासगाव तालुका

उत्तर : आधी सहीचं बोलते. या आजारात अक्षर बारीक बारीक होत जातं, तो आजाराचाच भाग आहे, हे घरातल्या सगळ्यांना आणि मुख्य म्हणजे मामांना एकदा नीट सांगा. बँकेत नवीन नमुना सही देता येते, तेवढं करून घ्या.

आता उपयोगाचं. तो तुमच्या घरात कधीच पोचलाय हो! मामांच्या गोळीत बहुतेक लेव्होडोपा असणार, मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन, ते काय काम करतं हे स्वीडनचे संशोधक कार्लसन यांनी दाखवलं, पार्किन्सनमध्ये तेच कमी पडतं हे व्हिएन्नाच्या हॉर्निकीविचनी शोधलं, आणि लेव्होडोपाचा डोस हळूहळू वाढवत नेला तर पेशंट उठून चालतो हे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोट्झियासनी दाखवलं. एका देशाचं काम नाहीच ते. बांधावरच्या खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं, पण म्हणून कुणी सांगितलं तर गोळीच्या जोडीला ती पावडर मनानं सुरू करू नका आणि गोळी अचानक बंद तर अजिबात नको, ते धोक्याचं असतं. अजून एक, डाळ, दूध, शेंगदाण्याची चटणी असं प्रथिनांचं खाणं गोळीबरोबरच पोटात गेलं तर कधी कधी गोळी नीट लागू पडत नाही, म्हणून जेवणाआधी अर्धा तास घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा.

दीर म्हणतात ती जागतिक परिषद, म्हणजे वर्ल्ड पार्किन्सन काँग्रेस, २००६ ला वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली, २०१९ ला क्योटोत होती, २०२३ ला बार्सिलोनात. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की तिथं पेशंट आणि घरचे लोक डॉक्टरांच्या बरोबरीनं बसतात, बोलतात, कुणी कोपऱ्यात नसतं. आणि हे आपल्याकडं आलंय बरं का. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१ ला पार्किन्सनच्या पेशंटसाठी डान्सचे क्लास सुरू झाले, तसे पुढं पुण्यातही झाले. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, सगळं मराठीत. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून आहे, ठिकठिकाणी ग्रुप चालवते, त्यांना फोन करा आणि सांगली-मिरजेच्या जवळ काय आहे ते विचारा.

नसलंच काही तर तुम्हीच सुरू करा, मी मनापासून सांगते. मिरजेच्या त्या डॉक्टरांना विनंती करा की वेटिंगमधल्या पेशंटना तुमचा नंबर द्या, चार-पाच घरं जमली तरी खूप झालं. दिरांनाही कामाला लावा. पार्किन्सन्स यूके ही संस्था १९६९ पासून आहे, तिची पेशंटसाठीची माहिती त्यांनी दर रविवारी फोनवर मराठीत वाचून दाखवावी. चालता चालता दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात तेव्हा जमिनीवर आडव्या पट्ट्या मारून त्या ओलांडायच्या किंवा मोठ्यानं एक-दोन एक-दोन मोजायचं, आवाज बसत चालला तर रोज मुद्दाम खणखणीत बोलायचं, असल्या साध्या गोष्टी लोकांना कुणी सांगतच नाही.

बागेचं पण बोलायलाच हवं. काही कीडनाशकं-तणनाशकं आणि पार्किन्सन यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय, त्यातलं पॅराक्वाट युरोपियन युनियननं २००७ पासून बंद केलंय, आपल्याकडं विकलं जातं. मामांना त्यामुळंच झालं असं कुणी म्हणू शकत नाही, पण फवारणारा मुलगा असो की मजूर, हातमोजे-मास्कशिवाय सोडू नका.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन आहे, सिव्हिलमध्ये तपासणी करून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढता येतं का बघा. आणि ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिन असतो, पहिली बैठक त्या दिवशी ठेवा, लोकांना बोलवायला निमित्त मिळतं. मामांना म्हणावं, फोन तुम्हीच करायचे.