‘इतलंसं खाईसनी ती जगी कशी?’

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची चौकशी करायला आलेल्या जवळजवळ प्रत्येक घरातून आहारतज्ज्ञ म्हणून मला हा प्रश्न येतो. अमळनेर तालुक्यातल्या एका सासूबाईंनी तो अहिराणीत विचारला आणि विचारताना त्यांचे डोळे भरून आले होते. ‘इतलंसं खाईसनी ती जगी कशी?’ सुनेची ताकद जाईल, हातपाय गळतील, अशी त्यांची भीती होती. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून ही हकिकत सांगते.

सून 43 वर्षांची, वजन 112 किलो. मधुमेह, गुडघेदुखी, रात्री घोरणं. तिचं स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचं ऑपरेशन ठरलं होतं. यात जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे कमी कॅलरीचा, जास्त प्रथिनांचा आहार दिला होता. त्याचं कारण घरी कोणी नीट समजावलं नव्हतं. जठराच्या वर यकृत असतं. लठ्ठपणात ते चरबीने फुगलेलं असतं आणि सर्जनला ते बाजूला उचलूनच काम करावं लागतं. दोन आठवड्यांच्या पथ्याने ते आकसतं, मऊ पडतं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर याच दिवसांत डोस कमी करावा लागू शकतो, नाहीतर साखर एकदम उतरते.

पण मध्येच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. ताई, म्हणजे ही सून, माहेरी गेल्या. खापरावरची पुरणपोळी, आमरस, दुसऱ्या दिवशी तुपात चुरलेली वरण-बट्टी. ‘आता खाई ले, मंग कोठे मियनार शे?’ असं म्हणत आई, मावशी, भावजयी वाढत राहिल्या. परत आल्या तेव्हा वजन दोन किलोंनी वाढलेलं आणि साखर चढलेली. ऑपरेशन दोन आठवडे पुढे गेलं. त्या माझ्यासमोर अपराध्यासारख्या बसल्या होत्या. मला त्यांचा राग आला नाही. आपल्याकडे माया ताटातूनच पोचते, आणि ताटच बंद होणार म्हटल्यावर माणसं घाबरून जास्तच वाढतात. चूक माझीही होती. मी पथ्य एकट्या ताईंना समजावलं होतं, त्यांच्या घराला नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखं पातळ, मग साधारण दोन आठवडे दूध, ताक, गाळलेलं सूप, प्रथिनांची पावडर. पुढचे दोन आठवडे घोटलेलं, त्यानंतर मऊ. नेहमीचं जेवण दीड-दोन महिन्यांनी. प्रत्येक सर्जनच्या तक्त्यात थोडाफार फरक असतो, आपल्या सर्जनचा तक्ता पाळायचा. ताईंनी तो पाळला, म्हणून मी निश्चिंत होते.

अडीच महिन्यांनी त्या आल्या तेव्हा चेहरा उतरलेला, जिना चढताना धाप. केस मुठीने गळत होते. वेगाने वजन उतरल्यावर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. पण मी खाण्याची चौकशी केली तेव्हा खरं दुखणं कळलं. सकाळी भाताची पेज, दुपारी डाळीचं पाणी आणि दुधात कुस्करलेली भाकरी, संध्याकाळी परत पेज. सासूबाई मायेने, पचायला हलकं म्हणून देत होत्या. दिवसाची प्रथिनं जेमतेम 20 ग्रॅम भरत होती. हवी होती किमान 60. डाळीच्या वरच्या पाण्यात प्रथिनं नावालाच उतरतात, डाळ तर पातेल्यात खालीच राहते.

या वेळी मी सासूबाईंना समोर बसवलं आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनाच दिलं. पोट इतकंसंच आहे, म्हणून आधी काय जातं यावर ताकद ठरते. भाकरीचे चार घास आधी गेले तर डाळीला जागाच उरत नाही. मग आम्ही हिशेब मांडला. 200 मिली दुधात सर्जनने सांगितलेली पावडर, मिळून 26-27 ग्रॅम. दोन अंडी 12. पनीर 50 ग्रॅम, त्याचे 9. घोटलेली घट्ट मुगाची डाळ एक वाटी, 7. दह्याचा चक्का, 5. साठ झाले! सासूबाई अंड्याला हात लावत नाहीत. ‘पोऱ्या उकडी दी’, म्हणजे मुलगा उकडून देईल, असं त्यांनीच सुचवलं.

आग्रह करू नका, असं मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते जमलं नसतं, आणि का जमावं? उलट आग्रहाच्या जागा वाटून दिल्या. दिवसभर घोटघोट पाणी, किमान दीड लिटर, पण जेवणाच्या अर्धा तास आधी आणि नंतर नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत दोन तासांचं अंतर, लोहाच्या गोळीजवळ चहा नको. बी-12 आणि मल्टिव्हिटॅमिन आयुष्यभर. घास 20-25 वेळा चावायचा, ताट संपवायची सक्ती नाही. भरीत चालेल, कमी तेला-तिखटाचं, दोन चमचे, पण डाळ-पनीर पोटात गेल्यावर. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी नंतर, पातळ आणि मऊ. बट्टी मात्र इतक्यात नाही, ती अडकते.

आणि एक गोष्ट मी दोघींकडून तीनदा म्हणवून घेतली. दोन-तीन दिवस उलट्या थांबल्या नाहीत, चालताना तोल जाऊ लागला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर थांबायचं नाही, थेट दवाखाना. उलट्यांनी शरीरातलं बी-1 जीवनसत्त्व संपत जातं, तोल जाणं आणि दोन दिसणं ही त्याची खूण असू शकते, आणि उशीर झाला तर मज्जासंस्थेचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

पंधरा दिवसांनी, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई, ही खानदेशातली देवी, बसली. सोमवारी सासूबाईंचा फोन. त्यांच्या घरी रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, भाऊबंदांमध्येच संपवतात, बाहेर देत नाहीत. सुनेने नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, नाही म्हणायचंच नाही. आधी पनीर, मग रोटाचा एक घास, चांगला चावून.

पुढच्या तपासणीला वजन 96 किलोंवर आलं होतं, धाप कमी झाली होती. हिमोग्लोबिन मात्र अजून वर यायचं होतं, म्हणून लोहाचा डोस डॉक्टरांनी बदलला. सासूबाईंनी नातवाकडून लिहून घेतलेली वही माझ्यापुढे ठेवली. कानबाईच्या पानावर त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: पनीर 9, डाळ 7, रोट एक घास, आजी हसली.