परोपकार, सेवा की शुश्रूषा?

प्रश्न असा आहे: चर्चच्या स्मरणिकेत मिशन दवाखान्यावर लेख द्यायचा होता. मथळ्यात 'परोपकारी कार्य' असं लिहिलं होतं, पाळकसाहेबांनी ते खोडून 'सेवाकार्य' केलं. या दोन शब्दांत खरंच काही फरक आहे का? आणि 'शुश्रुषा' बरोबर की 'शुश्रूषा'?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. 'शुश्रूषा' बरोबर, त्यातला 'श्रू' दीर्घ. 'ज्ञा'पासून जिज्ञासा, 'पा'पासून पिपासा, तशी 'श्रु'पासून शुश्रूषा. म्हणजे मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा! गुरूचं ऐकायला त्याच्यापाशी राहणारा शिष्य त्याची कामंही करी, त्यावरून अर्थ सेवेकडे आणि पुढे रुग्णाच्या देखभालीकडे सरकला. मला हा शब्द फार आवडतो. कण्हणाऱ्या माणसाचं आधी ऐकून घ्यायचं, हे त्याच्या धातूतच आहे.

आता मथळा. पाळकसाहेबांची दुरुस्ती मला पटते. 'परोपकार' हा वाईट शब्द मुळीच नाही. 'पुण्य पर उपकार, पाप ते परपीडा' असं तुकोबाच सांगतात. पण आजच्या बोलण्यात उपकार म्हटलं की ते फेडणं आलं, ओझं आलं, आणि करणारा एक पायरी वर उभा राहिला.

बायबलच्या नव्या करारात 'सेवे'साठी मूळ ग्रीक शब्द आहे 'डियाकोनिया'. रोजच्या व्यवहारात त्याचा एक अर्थ जेवणाऱ्यांना वाढणं. त्यातल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात काही विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावललं जातं, तक्रार होते आणि त्या कामासाठी सात जण निवडले जातात. 'डीकन' हे चर्चमधलं पदनाम याच शब्दकुळातलं, मराठी बायबलात त्याला 'सेवक' म्हटलंय. पंगतीत वाढणाऱ्याला आपण परोपकारी म्हणतो का? तो वाकून वाढतो, कुणाच्या पानात काय संपलं ते बघतो, आणि बहुधा स्वतः शेवटच्या पंगतीला बसतो. 'सेव्' या संस्कृत धातूतही जवळ राहण्याचा अर्थ आहे, त्यामुळे 'सेवा' इथे नेमका बसतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायात तर 'पर', म्हणजे परका, उरतच नाही. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र देणारे, आजाऱ्याची आणि तुरुंगातल्याची विचारपूस करणारे शेवटी चकित होऊन विचारतात, प्रभू, आम्ही तुला असं कधी पाहिलं? उत्तर मिळतं की माझ्या या कनिष्ठ बंधूंपैकी एकाला केलंत ते मलाच केलंत. ज्याच्यासाठी केलं तो बंधू आहे, आणि त्याच्यात प्रभू आहे. तिथे उपकार कुणावर करणार?

इथे मला फादर डेमियन आठवतात. हे बेल्जियन धर्मगुरू 1873 साली हवाईतल्या मोलोकाई बेटावर, कुष्ठरोग्यांना सक्तीनं धाडलं जाई त्या वसाहतीत गेले. त्यांनी जखमा बांधल्या, शवपेट्या केल्या, कबरी खणल्या. स्वतःला रोग जडण्याच्या कितीतरी आधी ते प्रवचनात 'वुई लेपर्स' अशा अर्थाचं म्हणू लागले होते. त्याच रोगानं 1889 मध्ये ते गेले. हे मराठीत आणताना काय लिहाल? 'आम्ही कुष्ठरोगी' लिहिलं तर ऐकणारे बाहेर राहतात. 'आपण कुष्ठरोगी' लिहिलं की सांगणारा आणि ऐकणारा एका बाकावर येतात. इंग्रजीला 'वुई'मध्ये हा भेद दाखवता येत नाही. मराठीला येतो, तेव्हा तो वापरावाच.

तर मथळ्यात 'सेवाकार्य' राहू द्या. परिचारिकांबद्दल लिहाल तिथे 'शुश्रूषा' लिहा, दीर्घ 'श्रू' सांभाळून. भटारखान्यातल्या माणसांबद्दल लिहाल तेव्हा सरळ 'जेवण वाढतात' म्हणा, 'अन्नवितरण' नको. आणि एक विनंती, न विचारता: अहवालांतून येणारा 'लाभार्थी' हा शब्द या लेखात कुठे आला असेल तर काढा. तिथे 'रुग्ण' लिहा, 'म्हातारी माणसं' लिहा, 'बाळंतिणी' लिहा, जे कोणी असतील ते.