दहावी, फुटबॉल आणि सादिओ माने

प्रश्न : ताई, आम्ही मंगळवार पेठेत राहतो, म्हणजे फुटबॉलचं वेड काय असतं ते वेगळं सांगायला नको. मुलगा दहावीत आहे. डोक्यात सारखा तो आफ्रिकेतल्या सेनेगलचा फुटबॉलपटू सादिओ माने. त्यानं गावाला दवाखाना बांधून दिला म्हणतो, मी पण तसंच करणार. ह्यांचं म्हणणं, फुटबॉलनं पोट भरत नाही, नुसती भांडणं होतात. मागच्या महिन्यात त्याचे बूट उचलून माळ्यावर टाकलेत. ते दवाखान्याचं खरं आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, अगदी खरं आहे. बांबाली नावाचं सेनेगलमधलं छोटं गाव, १९९२ चा जन्म, वडील मशिदीत इमाम. माने सात वर्षांचा असताना वडील पोटाच्या दुखण्यानं आजारी पडले, गावात दवाखाना नव्हता म्हणून दुसऱ्या गावी नेलं आणि ते तिथंच गेले. हा मैदानात खेळत होता, चुलतभाऊ आला आणि सांगितलं, तुझे वडील गेले. त्याची बहीणपण घरातच जन्मली, कारण तेच, दवाखाना नाही. पुढं २०२१ मध्ये त्याच गावात दवाखाना उभा राहिला, त्यासाठी यानं सुमारे पाच लाख पौंड दिले. शाळेचं काम त्याच्याही आधीचं.

आता तुमच्या कामाची गोष्ट सांगते. घरचे नको म्हणत होते म्हणून हा पोरगा न सांगता राजधानी डाकारला पळाला, घरच्यांनी शोधून परत आणला, तेव्हा यानं अट घातली की शाळेचं हे एक वर्ष पूर्ण करतो, मग मला जाऊ द्या. वर्ष पूर्ण केलं आणि गेला. तिथं निवड चाचणीला एका वयस्कर माणसानं त्याचे फाटके बूट बघून विचारलं, असल्या बुटांवर खेळणार? चांगली चड्डीपण नव्हती अंगावर. पण खेळला आणि घेतलं त्याला. पुढचं तुमच्या पोराला तोंडपाठ असेल, इंग्लंडच्या साउथॅम्प्टन क्लबकडून २ मिनिटं ५६ सेकंदांत ३ गोल, २०१९ ला लिव्हरपूलकडून युरोपातली चॅम्पियन्स लीग जिंकली. मला मात्र २०२२ ची आफ्रिका कपची फायनल जास्त आवडते, सुरुवातीलाच पेनल्टी हुकली, तरी बरोबरीनंतरच्या पेनल्टी शूटआउटमध्ये शेवटची किक मारायला हाच गेला आणि सेनेगलला पहिल्यांदा कप मिळवून दिला.

तुमच्या ह्यांची काळजी खोटी नाही. मॅचच्या भांडणात पोरांवर केसेस झाल्या की नोकरीच्या वेळी आड येतात, ते मुलाला स्पष्ट सांगा. पण याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला, हेही ह्यांना सांगा. आणि २०१९ च्या महापुरात लोकांच्या मदतीला फुटबॉल खेळणारी तालमींची पोरंच धावली होती, ते तर सगळ्यांनी बघितलंय. दवाखाना लांबची गोष्ट, तुमचा पोरगा याच पोरांत वाढतोय, मला यात चांगलंच दिसतं.

तर मानेचीच अट घरात घाला, दहावीचं वर्ष नीट पूर्ण कर, सकाळची प्रॅक्टिस चालू ठेव, परीक्षेच्या महिन्यात फक्त मॅच बंद. आणि पुढच्या मॅचला ह्यांना शाहू स्टेडियमवर घेऊन जा, पोरगा खेळतो कसा ते एकदा त्यांनी स्वतः बघू दे. त्याआधी ते बूट माळ्यावरून खाली काढा, ओल लागली की तळवा सुटतो.