आवडत्या स्टँड-अप कलाकारांकडून नक्की काय शिकायचं, आणि नक्कल कशी टाळायची?

तुम्हाला मराठीत स्टँड-अप करायचंय, पण आवडते कलाकार सगळे इंग्रजी किंवा हिंदीतले. त्यांचे व्हिडिओ पाठ झालेत, आता त्यातून शिकायचं काय, आणि आपण त्यांची कार्बन कॉपी होणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय. मी नोकरी सांभाळून पुण्यात ओपन माइक (म्हणजे कोणीही नाव देऊन काही मिनिटं स्टेजवर येऊ शकतं असे कार्यक्रम) करतो आणि हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नक्कलेची धास्ती सोडा. सुरुवातीला ती होतेच. रिचर्ड प्रायर हा अमेरिकन स्टँड-अपमधला माझ्या मते सगळ्यात मोठा माणूस, पण साठच्या दशकात तो तेव्हाचा लोकप्रिय कॉमेडियन बिल कॉस्बी याच्या धाटणीची सोवळी कॉमेडी करायचा आणि ती चालतही होती. १९६७ मध्ये लास व्हेगासच्या अलादीन हॉटेलात, भरलेल्या प्रेक्षकांसमोर, ‘मी इथे करतोय काय?’ असं म्हणून तो स्टेजवरून चालता झाला. पुढे सत्तरच्या दशकात जो प्रायर जगाला दिसला त्याच्या बोलण्यात पिओरिया या त्याच्या गावातली वस्ती होती, आजीचा कुंटणखाना होता, तिथली माणसं त्यांच्या भाषेसकट होती. उसना आवाज गेला, पण त्या आवाजात काढलेल्या वर्षांत स्टेजवर कमावलेली पकड गेली नाही. म्हणून म्हणतो, उचलायची ती पकड.

ती कशी उचलायची? एकच बिट, म्हणजे एका विषयावरचा सलग तुकडा, घ्या आणि त्याच्यामागे लागा. मी नव्या मुलांना नेहमी प्रायरचा हार्ट अटॅकचा बिट सुचवतो. त्याच्या १९७९ च्या ‘लाइव्ह इन कॉन्सर्ट’मध्ये तो आहे, आणि झटका त्याला खरोखर १९७७ मध्ये येऊन गेला होता. तो सांगतो, घरासमोरच्या अंगणात चाललो होतो, तेवढ्यात कोणीतरी दरडावलं, श्वास घेऊ नकोस! दरडावणारं कोण, तर त्याचं स्वतःचं काळीज. इथून पुढे काळीज म्हणजे गल्लीतला दादा. प्रायर छातीशी मूठ आवळतो, पिळतो, गुडघ्यावर येतो, आडवा होतो, आणि दादा त्याला जाब विचारत राहतो: आता मरणाचा विचार सुचतोय होय, डुकराचं मटण हाणताना सुचला नव्हता? तो चोरून देवाला फोन लावू बघतो, तर दादाला तेही कळतं.

हा बिट आधी आवाज बंद करून बघा. मूठ कधी वळते, अंग कधी कोसळतं, एवढंच टिपा. मग चित्र न बघता नुसता ऐका. मग सगळा हाताने लिहून काढा आणि जिथे जिथे लोक हसले तिथे खूण करा. लिहिताना एक गोष्ट दिसेल. सुटे जोक जवळजवळ नाहीतच. काळजाला एक स्वभाव दिला, आणि पुढचं प्रत्येक हसू त्या स्वभावातून निघालं. डुकराच्या मटणाचं वाक्य कागदावर साधं आहे, पण दादाच्या तोंडी आलं की पंच, म्हणजे हशा काढणारा फटका. हे एकदा कळलं की तुम्हाला प्रायरसारखं बोलायची गरजच उरत नाही. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला, पीएमपीच्या कंडक्टरला, तुमच्या थकलेल्या हप्त्याला तसाच आवाज देता येतो.

आणि हे आपल्याला परकं अजिबात नाही. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे बावन्न पात्रं उभी करायचे. तुम्ही मराठीत करणार आहात, तर ते ऐकणं मी सक्तीचं समजतो. ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ याचं ओझं न घेता पात्र कसं बदलायचं, हे तिथे स्वच्छ कळतं.

अमेरिकन कॉमेडियन जेरी साइनफेल्डकडून वेगळी गोष्ट घ्या, चिकाटीची. पॉप-टार्ट या नाश्त्याच्या पदार्थावरचा एक जोक तो दोन वर्षं घडवत होता, पिवळ्या पॅडवर हाताने लिहून, शब्दन् शब्द छाटत. मात्र त्याची वाक्यरचना जशीच्या तशी मराठीत आणाल तर पंच पडणार नाही. इंग्रजीत वाक्य हवं त्या नामावर तोडता येतं, आपल्याकडे शेवटी क्रियापद येऊन बसतं. ‘दारात माझा बॉस उभा होता’ म्हटलं की लोक ‘बॉस’ला हसायला जातात आणि वर ‘उभा होता’ येऊन आदळतं. ‘दार उघडलं, समोर कोण, तर बॉस!’ म्हणा. आपल्या आज्या-मावश्या किस्से सांगताना हेच करतात. ओपन माइकवर किती चांगले विषय या एका ‘होता’पायी पडताना बघतो, आणि खरंच जीव तुटतो.

उचलू नये असं काय, तर विषयाकडे बघायचा त्या कलाकाराचा नेमका कोन आणि अर्थातच जोक. आपलं वर्तुळ लहान आहे, चोरलेली ओळ दुसऱ्याच दिवशी ओळखली जाते आणि मग स्पॉट, म्हणजे स्टेजवरची वेळ, मिळणं अवघड होतं.

आज रात्रीच प्रायरचा बिट लिहून काढा. मग तुमच्या घरातल्या कोणत्याही एका वस्तूला किंवा अवयवाला स्वभाव देऊन तीन मिनिटं लिहा, मोठ्याने म्हणून फोनवर रेकॉर्ड करा, आणि जवळच्या ओपन माइकला नाव द्या. तीन मिनिटांचा मजकूर इथे खाली टाकलात तर मी वाचून कुठे काय छाटता येईल ते जरूर सांगेन.