‘पॅसिव्ह चार्ज’ला ‘निष्क्रिय प्रभार’ म्हणावे काय?

‘ॲक्टिव्ह’ (विद्युतक्षेत्र निर्माण करणारा) आणि ‘पॅसिव्ह’ (त्या क्षेत्राचे बल अनुभवणारा) विद्युतप्रभार समतुल्य आहेत का, हे तपासणाऱ्या प्रयोगांवरील लेख मराठीत आणताना ‘सक्रिय’ व ‘निष्क्रिय’ हे शब्द योजावेत का, असा प्रश्न आला आहे. ‘सक्रिय’ एक वेळ चालेल. ‘निष्क्रिय’ मात्र चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठीत ‘निष्क्रिय’ म्हणजे कशातही भाग न घेणारा. हेलिअम, निऑन यांना आपण निष्क्रिय वायू म्हणतो ते याच अर्थाने. येथील प्रभार तसा नाही. दुसऱ्या कणाने निर्माण केलेल्या विद्युतक्षेत्रात एखाद्या कणावर किती बल लागेल, हे ज्यावर अवलंबून असते तो हा प्रभार. तो शून्य असता तर कण त्या क्षेत्राने हललाच नसता. व्याकरणातील कर्मणी प्रयोगालाही इंग्रजीत ‘पॅसिव्ह’ हेच विशेषण लावतात, आणि तेथील कर्माला आपण निष्क्रिय म्हणत नाही, कारण क्रियेचा परिणाम त्याच्यावरच घडतो. म्हणून मी ‘क्षेत्रजनक प्रभार’ आणि ‘क्षेत्रग्राही प्रभार’ असे शब्द सुचवेन. हे प्रभाराचे दोन प्रकार नसून एकाच कणाच्या दोन भूमिका आहेत, हेही त्यांतून कळते. भौतिकशास्त्रज्ञ हरमान बाँडी यांनी १९५७ साली गुरुत्वाकर्षणाच्या संदर्भात वस्तुमानाचा असाच भेद मांडला होता. तेथेही हीच विशेषणे शोभतील.

‘समतुल्य’ हा शब्द योग्यच आहे, त्याजागी ‘समान’ नको. दोन्ही प्रभारांचे गुणोत्तर सर्व कणांसाठी एकच असले म्हणजे पुरे; मग ते एककांच्या निवडीत सामावून घेता येते. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्यासाठी ते वेगवेगळे निघाले, तर त्यांची परस्परांवरील बले तुल्यबळ राहणार नाहीत, न्यूटनचा तिसरा नियम मोडेल आणि हायड्रोजनचा अणू बाह्य बलाशिवाय आपोआप त्वरण घेऊ लागेल.

भाषांतरात ‘समतुल्यता सिद्ध झाली’ असे मात्र लिहू नये. २००७ साली क्लाउस लेमरत्साल, अल्फ्रेडो मासियास आणि होल्गर म्यूलर यांनी अणू, रेणू आणि स्थूल पदार्थ यांवरील प्रयोगांच्या आधारे या फरकावर मर्यादा घातल्या, आणि त्यांतील सर्वांत कडक मर्यादा १०²¹ भागांत सुमारे १ भाग इतकी आहे. तेव्हा ‘फरक असलाच, तर तो या मर्यादेपेक्षा लहान आहे’ हीच नेमकी वाक्यरचना होय.